कापडी छताची मियाटा हिवाळाभर उघड्यावर ठेवताना

आमच्याकडे माझदा मियाटाच्या दुसऱ्या पिढीतली, म्हणजे १९९८ ते २००५ या काळात तयार झालेल्या गाड्यांपैकी एक गाडी आहे. टोरांटोशेजारच्या मिसिसागात घराला गॅरेज एकच, आणि ते रोजच्या गाडीला लागते, त्यामुळे ही दोन आसनांची गाडी नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत घरासमोरच्या ड्राइव्हवेवर उभी असते. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ तिच्या पत्र्याला खाऊन टाकते, म्हणून त्या दिवसांत ती बाहेर काढायची नाही हे आम्ही पहिल्यापासून ठरवले आहे. उणे २० अंशांच्या थंडीने नीट तयारी केलेल्या गाडीचे सहसा काही बिघडत नाही. बिघडवतो तो आत कोंडलेला ओलावा. कोकणात आगोटीची कामे पहिल्या सरीच्या आधी उरकतात, तशी ही सगळी कामे ऑक्टोबरमधल्या एखाद्या कोरड्या, उन्हाच्या शनिवार-रविवारी उरकावीत.

सुरुवात धुण्यापासून करावी. चाकांच्या कमानींच्या आतून, दारांच्या खालच्या कडांतून आणि गाडीच्या पोटाखालून चिखल पूर्ण निघायला हवा, कारण साचलेला चिखल ओलावा महिनोन् महिने धरून ठेवतो. धुतल्यावर गाडी तासभर चालवून आणावी, म्हणजे ब्रेकच्या चकत्या तापून कोरड्या होतात आणि सांध्यांतले पाणीही निघून जाते. रंगावर मेणाचा एक हात द्यावा, आणि दारांच्या रबरी पट्ट्यांना सिलिकॉनचे ग्रीस चोळावे. नाहीतर त्या पत्र्याला गोठून चिकटतात आणि दार ओढताना फाटतात.

कापडी छताच्या गाडीत सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी जागा म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. छतावरून ओघळलेले पाणी मागच्या कडेच्या पन्हळीत जमते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. छत अर्धे मागे घेऊन आसनांच्या मागच्या कोपऱ्यांत टॉर्च मारला की त्या नळ्यांची तोंडे दिसतात. तिथे कपभर पाणी हळूच ओतावे: ते लगेच खाली टपकले तर नळी मोकळी आहे, पाणी तोंडाशीच थांबले किंवा थेंबथेंब उतरले तर आत कचरा आहे. गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात तसली जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सारून तो काढावा. हवेचा जोरदार झोत मात्र मारू नये, त्याने नळी आतल्या आत निसटू शकते. दुसऱ्या वर्षी आमच्या गाडीची डावी नळी शेजारच्या पाइनच्या काड्यांनी तुंबली होती. वसंतात दार उघडले तेव्हा कुबट वास आला, आसनामागचा गालिचा पिळून काढावा इतका ओला निघाला, आणि तो वाळवायला दोन आठवडे गेले. तुंबलेले पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरले तर तिथे आतून गंज धरतो आणि तो बाहेर दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. एवढ्या एका कामासाठी अर्धा दिवस गेला तरी चालेल.

इंजिन ऑइल गाडी उभी करण्यापूर्वीच बदलावे, वसंतात नव्हे, कारण वापरलेल्या तेलात आम्लयुक्त घटक आणि पाणी साठलेले असते आणि ते पाच महिने धातूला लागून राहते. पेट्रोलची टाकी भरून घ्यावी आणि त्यात इंधन टिकवणारे रसायन बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ते मिश्रण इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचते. कूलंट निम्मे आणि पाणी निम्मे असे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. उन्हाळ्यात कुणी नुसते पाणी घालून पातळी भरली असेल तर मात्र ते तपासून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतले उन्हाळी पाणी काढून हिवाळी द्रव भरायला विसरू नये, कारण त्या छोट्या टाकीला आणि पंपाला गोठलेल्या पाण्याने तडा जातो.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि संगणक मिळून समजा ३० मिलिॲम्पिअर वीज ओढत असतील, तर १५० दिवसांत १०८ ॲम्पिअर-तास खर्च होतात, आणि छोट्या गाडीच्या बॅटरीत त्याच्या निम्मीही साठवण नसते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही, पण रिकामी झालेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटते. घराबाहेर विजेचे सुरक्षित सॉकेट असेल तर भरण आपोआप राखणारा चार्जर जोडून ठेवावा. नसेल तर बॅटरी काढून तळघरात ठेवावी आणि महिन्यातून एकदा भरावी. आमच्या पिढीच्या मियाटात बॅटरी डिकीत असते आणि तिला वायू बाहेर सोडणाऱ्या बारीक नळ्या असतात. पुन्हा बसवताना त्या जोडायला विसरू नये.

टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त, पण टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत हवा भरावी, कारण तापमान साडेपाच अंशांनी उतरले की साधारण एक पीएसआय दाब कमी होतो. उन्हाळी टायरचे रबर उणे सात अंशांखाली ठिसूळ होते, म्हणून कडाक्याच्या थंडीत गाडी वीतभरसुद्धा पुढे-मागे करू नये. हँडब्रेक ओढू नये, पॅड चकतीला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. जागा निवडताना गवत आणि माती टाळावी, कारण जमिनीतून सतत वाफ वर येते. डांबर किंवा काँक्रीट उत्तम.

उंदरांना बंद गाडी म्हणजे तयार घर. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत घेणाऱ्या नळीत स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांचा लोकरीसारखा बोळा, कोंबावे आणि ते काढायचे आहे अशी चिठ्ठी स्टिअरिंगलाच चिकटवावी. डांबराच्या गोळ्या मी सुचवणार नाही; त्यांचा वास कापडात बसला की पूर्ण उन्हाळा जात नाही. आतमध्ये ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन मोठ्या पिशव्या ठेवाव्यात आणि छत वर करून खटके नीट लावावेत. पहिल्या पिढीच्या गाड्यांची मागची खिडकी मऊ प्लॅस्टिकची असते आणि थंडीत ती वाकवली की तडकते, तेव्हा एकदा बंद केलेले छत वसंतापर्यंत उघडू नये.

आच्छादन हवा खेळती ठेवणारे, अनेक थरांचे आणि गाडीच्या मापाचेच घ्यावे आणि त्याचे पट्टे गाडीखालून बांधावेत. पहिल्या हिवाळ्यात आम्ही निळी ताडपत्री दोऱ्यांनी आवळून बांधली होती. वाऱ्याने ती फडफडत राहिली आणि पुढच्या चाकांवरच्या उंचवट्यांचा रंग घासून निस्तेज झाला, तर आत साठलेल्या वाफेने छताच्या कापडावर बुरशी धरली. बर्फ पडला की मऊ झाडूने तो लगेच सारावा, ओले वजन कापडी छतावर राहू देऊ नये. गोठून चिकटलेला थर मात्र खरवडू नये.

दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू करण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नये. एवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही आणि जळताना तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये व तेलात साचत जाते. विमाही पूर्ण रद्द करू नये: रस्त्यावर चालवण्याचे संरक्षण तेवढे थांबवून चोरी, आग आणि झाड पडण्याचे संरक्षण चालू ठेवता येते का, हे विमा प्रतिनिधीला लेखी विचारावे.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला म्हणून घाई करू नये. दोन-तीन मोठे पाऊस पडून रस्त्यांवरचे मीठ धुऊन जाऊ द्यावे. मग स्टील वूल काढावे, बॅटरी जोडावी, टायरची हवा आणि तेलाची पातळी पाहावी आणि बोनेटखाली उंदरांनी कुरतडलेली एखादी वायर तर नाही ना, हे टॉर्चच्या उजेडात नीट तपासावे. पहिल्या काही ब्रेकना चकत्यांवरच्या गंजाची खरखर ऐकू येते. गल्लीतल्या गल्लीत सावकाश दोन फेऱ्या मारल्या की ती थांबते.