चिपट्यून ऐकताना या चुका टाळा

फोनच्या स्पीकरवर चिपट्यून, म्हणजे जुन्या गेम यंत्रांतल्या चिपनं वाजवलेलं संगीत, ऐकू नका. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी पाच-सात जण जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत ऐकायला जमतात. नवा येणारा बहुतेक वेळा हीच चूक करून आलेला असतो आणि आल्या आल्या सांगतो, "काका, हे नुसतं टूं-टूं वाजतं हो."

गेल्या दिवाळीत माझा भाचाही हेच म्हणाला. गच्चीत बसून तो फोनवर 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची पहिली चाल वाजवत होता. त्याला खाली आणलं, लॅपटॉपला वायरचे हेडफोन लावून दिले, प्लेअरमधले सगळे चॅनल, म्हणजे चिपच्या एकेका आवाजाच्या वेगळ्या वाटा, बंद केले आणि एकेक उघडत गेलो. निंटेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉम या गेम यंत्रातल्या चिपकडे आवाज पाचच: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नॉइजचा (नुसत्या खरखरीचा) आणि एक रेकॉर्ड केलेले छोटे तुकडे वाजवणारा. १९८५च्या मारिओत संगीतकार कोजी कोंदो यांनी पाचव्याला हातही लावलेला नाही. चौकोनी लहर टोकदार असते, ती कुठल्याही डबड्या स्पीकरवर ऐकू येते. त्रिकोणी लहर मऊ असते, आणि त्या चालीचा सगळा बेस तिच्याकडे आहे. फोनचा स्पीकर नेमका तोच गिळतो.

भाच्याला आधी फक्त त्रिकोणी चॅनल ऐकवला. मग त्यावर नॉइजचा ठेका सोडला. त्याचं बोट मांडीवर पडायला लागलं. "मामा, हे आधीपासून यात होतं?" होतं, चाळीस वर्षांपासून होतं. या त्रिकोणी आवाजाला लहान-मोठं करायची सोयच नाही, तो एक तर वाजतो नाही तर थांबतो. त्यामुळे बेसमध्ये जो जिवंतपणा येतो, तो स्वर कुठे तोडलाय यातून येतो. एकदा तिकडे कान गेला की ती चाल पुन्हा पहिल्यासारखी ऐकूच येत नाही.

माझी सवय अशी: एक चाल आठवडाभर पुरवायची, रोज एकच चॅनल. बेस बूस्ट, 'थ्रीडी साउंड', इक्वलायझर सगळं बंद. आवाज कमी ठेवायचा, कारण चौकोनी लहर मोठ्या आवाजात कान शिणवते.

वीस सेकंदांत पुढची चाल लावू नका. याचा मला खरोखर राग येतो. ही चाल फिरून फिरून वाजण्यासाठीच रचलेली असते. दुसऱ्या फेऱ्यात शेवट सुरुवातीला कसा जोडलाय ते कळतं, आणि कारागिरी तिथेच असते. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल या गावानं तासन् तास ऐकलाय. इथल्या पोरांना दोन मिनिटं बसवत नाही, हे मला पटत नाही.

आता लयीची चूक. ही मी स्वतः कित्येक वर्षं केली.

आमच्या लहानपणी घरोघरी आलेले टीव्ही गेम म्हणजे फॅमिकॉमच्या नकला. चुलतभावाकडे तसलाच एक होता, पिवळी कॅसेट वर खोचायची. मारिओची चाल मी त्यावर ऐकून पेटीवर बसवली होती. पुढे आमच्या बैठकीत एका मित्रानं जपानी गेममधून घेतलेली तीच चाल लावली. मला ती पळवल्यासारखी वाटली. मी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं की कुठून तरी बिघडवलेली फाइल उचलून आणलीस. तो बिचारा गप्प बसला. रात्री मी दोन्ही चाली घड्याळ लावून मोजल्या. त्याच्याकडे जो भाग ६० सेकंदांत संपत होता, त्याला माझ्या आठवणीतल्या लयीत ७२ सेकंद लागत होते.

कारण साधं आहे. या गेममध्ये संगीताचं पाऊल टीव्हीच्या चित्राबरोबर पडतं. जपानातल्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीत चित्र सेकंदाला ६० वेळा ताजं व्हायचं, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५० वेळा. पालसाठी बनलेल्या नकली यंत्रांत सूर जवळपास तोच राहतो, पण लय सहाव्या हिश्शानं उतरते. शिवाय काही नकली चिपांत चौकोनी लहरीच्या दोन जातींची अदलाबदल झालेली असते, म्हणजे स्वर तोच आणि गळा वेगळा. मित्राची चाल बरोबर होती. पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि दोन्ही लयी शेजारी शेजारी ऐकवल्या.

तेव्हा इम्युलेटर (जुन्या गेम यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावलात तर आधी सेटिंगमध्ये प्रदेश बघा. जपानी किंवा अमेरिकन गेम असेल तर एनटीएससी ठेवा. लहानपणची संथ लय ऐकावीशी वाटली तर खुशाल पाल लावून ऐका, मीही ऐकतो. पण दुसऱ्याला चूक ठरवण्याआधी घड्याळ लावा.

निंटेंडोचा हातात धरून खेळायचा गेम बॉय त्याच्याच स्पीकरवर ऐकू नका. तो स्पीकर एकच आहे, हेडफोन लावले की डावं-उजवं वेगळं होतं.

जुनं ते सगळं 'एट-बिट' म्हणून एकाच माळेत ओवू नका. कमोडोर ६४ या संगणकाच्या सिड चिपला तीनच आवाज, पण सोबत आवाजाचा पोत बदलणारा फिल्टर. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम यंत्रात एफएमचे, म्हणजे एका लहरीनं दुसरी हलवून आवाज घडवणारे, सहा चॅनल. फॅमिकॉमनंतरच्या सुपर निंटेंडोत रेकॉर्ड केलेले नमुने, तेही ६४ किलोबाइटच्या मेमरीत कोंबलेले. तिघांकडून एकाच चवीची अपेक्षा धरू नका.

'ओरिजिनल' म्हणून जुना कन्सोल घ्यायला पैसे घालू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नाही.

नुसती चाल ऐकून मत बनवू नका, तो गेम एकदा तरी खेळा. मारिओनं उडी मारली की त्या आवाजासाठी सुरावटीतला एक चॅनल क्षणभर बाजूला होतो, तरी चाल तुटत नाही. हे खेळतानाच कळतं.

एकाच गेमच्या दोन आवृत्त्या सारख्या समजू नका. १९८९च्या जपानी 'अकुमाजो देन्सेत्सु'च्या कॅसेटमध्ये तीन जादा आवाज देणारी चिप होती. अमेरिकेत हाच गेम 'कॅसलव्हेनिया ३' म्हणून आला तेव्हा ते तीन आवाज गळले. दोन्ही लागोपाठ लावा, पहिल्याच चालीत फरक कळेल.

आणि आठवड्याभरात स्वतः बनवायला बसू नका. वीस ट्रॅकवर प्लगइनचे टूं-टूं रचायचे आणि त्याला चिपट्यून म्हणायचं, हा आळस आहे. बसायचंच तर फॅमिट्रॅकर (फॅमिकॉमच्या चिपसाठी चाली लिहायचं सॉफ्टवेअर) घ्या आणि पहिले दोन महिने फक्त दोन चौकोनी चॅनल वापरा. पहिल्यावर चाल लिहा. दुसऱ्यावर तीच चाल किंचित मागून, दबक्या आवाजात, म्हणजे घुमणाऱ्या खोलीत वाजल्यासारखी होते. तीन स्वर एकदम हवे असतील तर एकाच चॅनलवर ते भराभर आलटून पालटून वाजवा. कानाला ते एकत्रच लागतात.

भाचा सध्या तेच करतोय. एका आरतीची चाल त्यानं दोन चॅनलवर घेतली आहे. मागून येणारा आवाज त्याला अजून मोठा वाटतो, म्हणून रोज रात्री एकेक पायरी खाली आणतो आणि सकाळी मला फाइल पाठवतो. त्रिकोणी चॅनलला त्यानं अजून हात लावलेला नाही.