घरखर्चाच्या वहीतून आपला धनी कसा ओळखावा

मत्तयाच्या शुभवर्तमानातील 6व्या अध्यायाचे 24वे वचन आपल्यापैकी बहुतेकांना रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. कोणीही दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही. देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी होत नाही. तरीही सोलापुरात हे वचन ऐकताना एक प्रामाणिक शंका मनात येते, कारण दिवसा यंत्रमागावर आणि संध्याकाळी एखाद्या दुकानात राबणारी माणसे आपल्या आजूबाजूला आहेत व ती दोन्ही मालकांचे काम नीट करतात. या शंकेचे उत्तर मूळ ग्रीक मजकुरात सापडते. तेथे चाकरीसाठी वापरलेले क्रियापद गुलामाच्या सेवेचे आहे. नोकराचे तास वाटून घेता येतात, पण गुलामाचा सगळा दिवस एकाच मालकाचा असतो. धनासाठीही तेथे ‘मामोन’ हा अरामी शब्द तसाच ठेवलेला आहे, जणू ते एखाद्या धन्याचे नावच असावे. त्यामुळे आपल्याजवळ पैसा किती आहे, यापेक्षा दोन आज्ञा एकमेकींच्या आड आल्या की आपण कोणाची आज्ञा आधी पाळतो, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. ते घरच्या घरी पाहण्याची एक पद्धत येथे मांडत आहे.

एक साधी वही घ्यावी आणि पगाराच्या दिवशी, किंवा मजुरी आठवड्याला मिळत असेल तर त्या दिवशी, तिची सुरुवात करावी. तारीख आणि रक्कम यांच्या शेजारी एक तिसरा रकाना आखावा व प्रत्येक मोठ्या खर्चासमोर, तो कोणाच्या सांगण्यावरून झाला हे एका शब्दात लिहावे : गरज, प्रेम, भीती, लोकलाज, आज्ञा. डाव्या पानावर झालेले खर्च लिहावेत आणि उजव्या पानावर टाळलेले. आजारी शेजारणीला द्यायचे राहून गेलेले पैसे, जादा पाळीसाठी बुडालेली उपासना, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून मागे ठेवलेले कोणाचे देणे, हे सगळे उजव्या पानावर यावे. महिनाभर काहीही सुधारण्याचा प्रयत्न करू नये. केवळ खरे लिहावे. माझ्या अनुभवात डावे पान फारसे लाज आणत नाही, कारण तेथे किराणा, शाळेची फी आणि औषधे असतात. आपला धनी कोण, हे उजवे पान सांगते.

त्या पानावर ‘लोभ’ हा शब्द क्वचितच येईल आणि ‘भीती’ वारंवार येईल. हे शहर गिरण्यांच्या भोंग्यांवर जागे होत असे. ते भोंगे बंद पडल्यावर घरांचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले किंवा वडिलांच्या तोंडून ऐकले, त्यांनी पैसा गाठीला बांधून ठेवला तर त्यांना कोणी लोभी म्हणू नये. प्रभू येशूनेही तसे म्हटलेले नाही. धनाच्या चाकरीविषयीचे वचन संपताच पुढचे वचन ‘म्हणून’ अशा अर्थाच्या शब्दाने सुरू होते, आणि तेथे काय खावे, काय प्यावे, काय पांघरावे याची चिंता करू नका असे तो सांगतो. म्हणजे मामोनाची चाकरी करण्याचा धोका त्याने ज्यांना सांगितला, त्यांत उद्याच्या भाकरीची काळजी करणारेही होते. रानातील भूकमळे कष्ट करत नाहीत व कातत नाहीत, हे त्याचे शब्द सूत आणि माग यांवर जगणाऱ्या शहरात वाचताना मला नेहमी थांबावे लागते. कातू नका असे तो आपल्याला सांगत नाही. कातणाऱ्या हातांना वस्त्र पुरवणारा पिता निराळा आहे, एवढे तो सांगतो. म्हणून जेथे ‘भीती’ लिहिली असेल तेथे स्वतःला दोष देत बसू नये. ती भीती नेमकी कशाची आहे ते लिहावे आणि त्याच शब्दांत ती प्रार्थनेत मांडावी. आजारपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा भिशीसाठी ठरावीक रक्कम बाजूला ठेवणे हे शहाणपण आहे. मात्र ती रक्कम किती झाली म्हणजे पुरे, हे आधीच लिहून ठेवावे, कारण भीतीला स्वतःहून ‘पुरे’ म्हणता येत नाही.

दुसऱ्या महिन्यापासून अर्पणाचा भाग सर्वांत आधी काढावा. प्रेषित पौलाने करिंथ शहरातील मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या मिळकतीप्रमाणे, काहीतरी बाजूला काढून ठेवण्यास सांगितले होते. शिल्लक राहील त्यातून देऊ असे म्हटले की शिल्लक राहत नाही. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, शक्य असेल तर तो द्यावा. कर्जाचे हप्ते असतील तर थोडे, पण नेमाने द्यावे. दिलेल्याच्या कित्येक पटींनी परत मिळेल या आशेने देण्याची जी शिकवण आजकाल ऐकू येते, ती मला घातक वाटते, कारण तिच्यात देवालाच धनाच्या चाकरीला लावले जाते. तितकेच घातक आहे ते दाखवण्यासाठी दिलेले दान. प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पीरा या पती-पत्नीची गोष्ट पुन्हा वाचावी. त्यांनी जमीन विकून आलेल्या पैशांतील काही भाग मागे ठेवला आणि उरलेला प्रेषितांपुढे आणला. जमीन तुझी होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, असे पेत्राने हनन्याला स्पष्ट सांगितले. काही रक्कम मागे ठेवणे हा त्याचा अपराध नव्हता, सगळी दिली असे भासवणे हा होता.

ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्यांनी अर्पणाच्याही आधी मजुरीचा रकाना तपासावा. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचतो, असे याकोबाने लिहिले आहे. यंत्रमागाच्या कामगाराची बाकी, विड्या वळणाऱ्या बाईच्या हजारी दरातून काही ना काही कारणाने कापलेले पैसे, घरकाम करणाऱ्या मावशींचा लांबवलेला पगार, हे देणे उरलेले असताना वेदीवर पाकीट ठेवू नये. आधी देणे फेडावे आणि मग उपासनेला यावे.

किती ठेवावे, याचे एकच उत्तर शास्त्रात नाही. श्रीमंत तरुणाला येशूने सगळे विकण्यास सांगितले. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, तेव्हा येशूने त्याच्या घरी तारण आल्याचे सांगितले. दोघांनाही आपली मूठ उघडावी लागणार होती, पण जक्कयाने ती आनंदाने उघडली. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली, आणि 1896-97च्या दुष्काळात शेकडो निराधार स्त्रिया व मुली तेथे आणल्या. त्यांच्या या संस्थेची, मुक्ती मिशनची, शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता. ती मालमत्ता लहान नव्हती, तरी ती कोणाच्या आज्ञेत चालत होती हे तेथे अन्न मिळालेल्या मुलींना ठाऊक होते. आपल्या घराबाबत, सोन्याबाबत किंवा विजापूर रस्त्यावर घेतलेल्या प्लॉटबाबत हाच प्रश्न विचारावा : उद्या प्रभूने हे एखाद्यासाठी मागितले, तर देण्याआधी मी कोणाची परवानगी घेईन?

लग्नकार्याचा खर्च वहीत वेगळ्या पानावर मांडावा, कारण तेथे ‘लोकलाज’ हा शब्द इतर सर्व शब्दांना गिळून टाकतो. हॉल, जेवणावळ आणि आहेर यांचा आकडा पती-पत्नीने एकत्र बसून, तारीख ठरण्याआधी लिहावा आणि त्यासाठी सावकाराकडून एक रुपयाही उचलायचा नाही असे ठरवावे. भावाभावांतील वाटणीचा वाद असेल, तर वहीचे पान उघडण्यापूर्वी लूकचा 12वा अध्याय वाचावा. भावाकडून वारसाहक्काचा वाटा मिळवून द्या, असे म्हणणाऱ्या माणसाला येशूने न्यायाधीश होण्यास नकार दिला आणि सर्व प्रकारच्या लोभापासून सांभाळा असे सांगितले. वाटा सोडलाच पाहिजे असा याचा अर्थ होत नाही. कागदपत्रे पाळकांसमोर किंवा मंडळीतील विश्वासू वडीलधाऱ्यांसमोर ठेवावीत, आणि निकाल लागेपर्यंत भावाच्या घरी जेवायला जाणे थांबवू नये.

तीन महिन्यांनंतर ही वही एका तरी माणसाला दाखवावी. तो माणूस आपल्यापेक्षा श्रीमंत नसावा, आणि त्याच्या वहीतील उजवे पान आपणही वाचावे.