मागून धडक दिल्याचा खटला लढवताना या चुका टाळा

पुढच्या गाडीला मागून धडक बसली की दोष मागच्याचाच, असे रस्त्यावर जमलेली माणसे, पोलीस आणि पुष्कळदा चालक स्वतःही धरून चालतो. या समजुतीला कायद्याचा आधार आहे. पुढचे वाहन एकाएकी मंदावले किंवा थांबले तरी धडक टळेल इतके पुरेसे अंतर राखणे हे मागच्या चालकाचे कर्तव्यच आहे. निशान सिंग प्रकरणात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ट्रकच्या मागे अवघ्या 10 ते 15 फुटांवरून धावणाऱ्या मारुती गाडीच्या चालकाकडेच दोष दिला होता. तरीही फौजदारी खटल्यात हयगय सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते, आणि नेमकी हीच गोष्ट विसरल्यामुळे लढवता येण्यासारखे अनेक खटले पहिल्याच तारखेला हातचे जातात.

ते जातात ‘गुन्हा कबूल’ या दोन शब्दांनी. अशा अपघातात साधारणपणे भारतीय न्याय संहितेचे कलम 281 (सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि मोटार वाहन कायद्याचे कलम 184 (धोकादायकपणे वाहन चालवणे) लावले जाते. दंड थोडक्यात भागतो, सारखे खेटे घालावे लागत नाहीत, म्हणून कबूल करून मोकळे व्हा, असा सल्ला न्यायालयाच्या आवारात सहज मिळतो. पण अशा कबुलीवरून दोषी ठरल्यास त्या दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही, शिक्षा किती आणि कायदेशीर आहे की नाही एवढ्यापुरतेच अपील उरते. कोणी जखमी असेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे हीच कबुली तुमच्याविरुद्ध मांडली जाऊ शकते. शिवाय कलम 184 खाली पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा घडला तर शिक्षा वाढते. म्हणून गुन्हा कबूल आहे का, असे न्यायाधीशांनी विचारण्यापूर्वीच आरोपपत्राच्या प्रती मागून घ्याव्यात आणि वकिलांकडून वाचून घ्याव्यात.

दोन्ही गाडीवाल्यांनी आपसांत मिटवले, नुकसान भरून दिले आणि स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या, की खटलाही मिटला असे अनेकांना वाटते. कलम 281 चा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांत नाही, आणि कलम 184 मधील केवळ हातातल्या मोबाइलच्या वापराचा भाग तडजोडपात्र आहे. तो कागद जपून ठेवावा, पण त्याच्या भरवशावर तारीख चुकवू नये, कारण गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते. खरीच अडचण असेल तर हजेरीतून सूट मिळावी असा अर्ज वकिलामार्फत आधीच द्यावा.

सर्वांत मोठी चूक मात्र बचावाच्या मांडणीत होते. ‘पुढच्यानेच अचानक ब्रेक मारला’ एवढे म्हणून फौजदारी खटला सुटत नाही, कारण पुढच्या चालकाचीही चूक असली म्हणून मागच्याची हयगय पुसली जात नाही. एस. मोहम्मद हक्कीम प्रकरणात 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने महामार्गावर कोणताही इशारा न देता अचानक गाडी थांबवणाऱ्या कारचालकावर 50 टक्के जबाबदारी टाकली, परंतु मागून धडकलेल्या दुचाकीस्वारालाही 20 टक्के दोषी धरले, उरलेला 30 टक्के वाटा मागून आलेल्या बसच्या चालकाचा. ही विभागणी नुकसानभरपाईच्या दाव्यातली आहे. दंडाधिकाऱ्यांपुढे असा हिशेब होत नाही. तेथे प्रश्न एकच असतो: तुमचे वाहन चालवणे बेदरकार किंवा हयगयीचे होते का? म्हणून बचावाचा सगळा भर तुमचा वेग, राखलेले अंतर, रस्त्याची अवस्था आणि पुढचे वाहन का व कसे थांबले यांवर असायला हवा. साक्षीदार नुसते ‘गाडी भरधाव होती’ म्हणत असेल, तर उलटतपासणीत तो कुठे उभा होता, त्याने धडक पाहिली की आवाज ऐकून वळून पाहिले, हे काढून घ्यावे. केवळ वेग जास्त होता म्हणून हयगय सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या 1998 च्या निकालात म्हटले आहे.

या सगळ्याचा पाया घटनास्थळ पंचनाम्यात असतो, आणि तो न वाचता त्याखाली सही करणे ही चूक नंतर दुरुस्त करणे फार कठीण जाते. टायर घासल्याच्या खुणा किती लांब आहेत, त्या कुठे सुरू होतात, काचेचा चुरा कोणत्या लेनमध्ये पडला आहे, रस्ता ओला होता का, पथदिवे सुरू होते का, हे त्यात नोंदलेले असावे. लांब खुणा म्हणजे तुम्ही वेळीच ब्रेक दाबल्याचा पुरावा ठरू शकतात, पण त्याच खुणा वेगाकडेही बोट दाखवतात, म्हणून त्यांचा अर्थ वकिलांशी बोलूनच लावावा. पुढच्या वाहनाचे ब्रेकचे दिवे लागत नव्हते असे तुमचे म्हणणे असेल, तर मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत ते दिवे तपासले जावेत, अशी लेखी मागणी ठाण्यात करून पोच घ्यावी. स्वतःची गाडी मात्र ही तपासणी होण्याआधी गॅरेजमध्ये सोडू नये. एकदा बंपर बदलला आणि ब्रेक उघडले की निरीक्षकाला पाहण्यासारखे काही उरत नाही.

डॅशकॅमचे, म्हणजे गाडीतून समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे, चित्रण असूनही ते कामी न येण्याचे कारण बहुतेक वेळा कागदपत्रांतच असते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय त्याची पेनड्राइव्हवरची प्रत पुरावा म्हणून वाचली जात नाही. अनेक डॅशकॅम जुन्या चित्रणावर नवे चित्रण भरतात, त्यामुळे मूळ मेमरी कार्ड त्याच दिवशी काढून पाकिटात बंद करावे आणि प्रती त्यावरूनच काढाव्यात. व्हॉट्सॲपवरून फिरलेली, आकार कमी झालेली फाइल हा त्याला पर्याय नाही.

शेवटी परवाना. कलम 184 च्या प्रकरणात पोलीस तो जप्त करून निलंबनाच्या कारवाईसाठी परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात, पण त्याची पावती तुम्हाला मिळालीच पाहिजे. ती कारवाई खटल्याहून वेगळी चालते, म्हणून तिकडून नोटीस आल्यास न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता दिलेल्या मुदतीत लेखी म्हणणे दाखल करावे आणि त्याला पंचनाम्याची प्रत जोडावी.