कोळशातला वायू मोजायला बसण्याआधी

सावनेर, सिल्लेवाड्याकडच्या भूमिगत खाणीतला नमुना नागपुरात पोचला की दाबाखाली कोळसा किती वायू धरतो ते मोजणारं यंत्र राहू द्या, आधी कोळसा सांभाळा. ढेकूळ उघडं पडलं की ते वाळू लागतं आणि हवेतला ऑक्सिजन घेऊ लागतं. हवाबंद डबा, त्यावर खाण, थर, खोली आणि तारीख. लागेल तेवढाच कोळसा दळा. २५० मायक्रॉनच्या चाळणीतून उतरला की पुरे.

सगळ्यात जास्त लक्ष ओलाव्याकडे. कोळशातला बहुतेक मिथेन मोकळ्या पोकळीत नसतो, सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसलेला असतो; पाणी नेमकी तीच जागा अडवतं. मे महिन्यात आपल्याकडे भुकटी उघड्यावर वाळते आणि कूलरसमोर ठेवली तर पाणी ओढते. माझा पहिला नमुना दुपारभर टेबलावर राहिला आणि वायूचे आकडे भलतेच चढे आले. ते त्या थराचे नव्हतेच, वाळलेल्या भुकटीचे होते. म्हणून बंद भांड्यात, ३० अंशांवर, पोटॅशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणावर नमुना ठेवा. तिथे आर्द्रता ९६-९७ टक्के राहते. वजन बदलायचं थांबेपर्यंत थांबा, कितीही दिवस लागोत.

मग गळती. सेल, म्हणजे नमुना ठेवायचं यंत्रातलं बंद भांडं, हेलियमने भरा, रात्रभर सोडा, सकाळी दाब पाहा. हेलियम कोळशाला जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे सेलमधली रिकामी जागाही त्यानेच मोजतात. इथली चूक पुढच्या प्रत्येक पायरीत साचत जाते, तेव्हा ही मोजणी तीनदा करा. तापमान थराइतकं आणि स्थिर हवं.

वायूंचा क्रम आधीच ठरवा: नायट्रोजन, मिथेन, शेवटी कार्बन डायऑक्साइड. सारख्या दाबाला मिथेन नायट्रोजनच्या साधारण दुप्पट बसतो, कार्बन डायऑक्साइड त्याहूनही बराच जास्त. त्याने कोळसा फुगतो, म्हणून तो शेवटी. दर दोन वायूंमध्ये निर्वात पंप चालवायचाच. हिशेबात आदर्श वायूचं सूत्र चालत नाही. कार्बन डायऑक्साइडला तर मुळीच नाही, कारण ३१ अंश आणि ७४ बार दाबाच्या आसपास तो विचित्र वागतो.

दाब उतरवण्याच्या पायऱ्या कागदावर आखून घ्या. समजा, ३० बारला कोळसा निम्मा भरतो. लँगम्यूरच्या समीकरणाने, म्हणजे कुठल्या दाबाला किती वायू चिकटतो ते सांगणाऱ्या सूत्राने, ६० वरून ३० बारवर येताना कमाल क्षमतेचा फक्त सहावा भाग सुटतो, आणि ३० वरून शून्यावर येताना अर्धा. तेवढ्याच उतारात तिप्पट वायू! खाणीत पाणी उपसून दाब खाली आला की हाच वायू गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, उतरतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. त्यामुळे खालच्या दाबाच्या पायऱ्या जवळजवळ ठेवा, प्रत्येकीवर दाब स्थिरावू द्या, आणि सुटलेला मिथेन नळीने खोलीबाहेर न्या.