बेस गिटार सॉफ्टवेअरवरून शिकताय? मग या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला बेस शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरने दिलेल्या स्कोरचा स्क्रीनशॉट पाठवतं. ९६ टक्के, तीन तारे, आणि खाली "दादा, आता पुढे काय?" मी म्हणतो स्क्रीनशॉट नको, अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठव. बऱ्याचदा ते येतच नाही, आणि आलं की कळतं का येत नव्हतं ते. मी पण सॉफ्टवेअरवरूनच शिकलोय, मला कोणी सर नव्हते, त्यामुळे सॉफ्टवेअरला नावं ठेवणार नाही. फक्त त्याला काय ऐकू येतं आणि काय येत नाही हे आधी समजून घ्या.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ब्लूटूथ हेडफोन. हो, वायर पायात येते, मला माहितीये. पण साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज कानात पोचायला १५० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात. गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, म्हणजे मात्रेचा पाव ते तिसरा हिस्सा वाटेतच गेला. सिनेमा बघताना चालतं, वाजवताना नाही.

माझ्या भाच्याने तीन महिने असंच वाजवलं. सुरुवातीला त्याचं सगळं लाल, म्हणजे चुकलेलं, येत होतं, कारण तो कानाला ऐकू येणाऱ्या ड्रमबरोबर वाजवायचा आणि सॉफ्टवेअरच्या हिशेबाने तो ड्रम केव्हाच होऊन गेलेला असायचा. मग पठ्ठ्याने काय केलं, कानाकडे दुर्लक्ष करून नुसतं स्क्रीनवर सरकणाऱ्या ठोकळ्यांकडे बघत वाजवायला लागला. झालं, सगळं हिरवं. "मामा, ब्याण्णव टक्के!" मी पण खूश, मी तरी कुठे त्याच्या शेजारी बसून ऐकलं होतं. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाला एक गाणं ठरलं, ड्रमवर माझा जुना मित्र. पहिल्या तालमीत दुसऱ्याच ओळीला तो काठ्या खाली ठेवून म्हणाला, "अरे हा माझ्या आधी का पळतोय?" आणि खरंच पळत होता, दर वेळी समेच्या जरा आधी, इतका नेमाने आधी की ऐकणाऱ्याला वाटावं मुद्दाम करतोय. तीन महिने त्याच्या हाताने हेच पाठ केलं होतं, की ठोका ऐकू यायच्या आधी तार छेडायची. पोरगं रडकुंडीला आलं. कार्यक्रमात शेवटी त्याने टाळ वाजवला.

यावर माझा उपाय अगदी गावठी आहे. वायरचे हेडफोन, गिटार आणि लॅपटॉपच्या मध्ये एक साधा ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी छोटी डबी), सेटिंगमध्ये बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते) १२८ सॅम्पलच्या आसपास, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर पंचा. हो, पंचा. गाणं चार-पाचदा बघून वाजवायचं, मग स्क्रीन झाकून नुसतं ऐकून वाजवायचं. भाच्याचा स्कोर ब्याण्णववरून पन्नाशीत आला आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दीड महिन्याने मित्राने त्याला परत तालमीला बोलावलं.

इंटरफेसचे पैसे वाचवायला गिटार सरळ लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावणारे पण आहेत. ते भोक गिटारच्या पिकअपसाठी (तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग) बनवलेलंच नसतं, आवाज मेलेला येतो, आणि मग "सॉफ्टवेअर माझा सूर पकडत नाही" म्हणून तक्रार. इंटरफेसवरसुद्धा इन्स्ट्रुमेंटचं, म्हणजे गिटार थेट जोडण्यासाठीचं, बटण दाबलंय का बघा, अर्धे लोक ते विसरतात.

जाड ई तारेवर मात्र कधीकधी खरंच तुमची चूक नसते. ती तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते, म्हणजे एक फेरा २४ मिलिसेकंदांचा, आणि सूर ओळखायला सॉफ्टवेअरला दोन-तीन फेरे तरी लागतातच. तिथे एखादा सूर लाल आला तर जोरात मारू नका. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणारे तर हमखास जोरात मारतात, कारण त्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर बाहेरच येत नाहीत, मग बोटांना फोड आणि तारांची खडखड.

आता माझी दुसरी आवडती चूक, जी मी स्वतः वर्षभर केली. मी वापरलेली सगळी सॉफ्टवेअरं सूर कधी सुरू झाला आणि कोणता होता एवढंच बघायची. तो कधी थांबला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आणि बेसचा अर्धा जीव थांबण्यात असतो राव! मी शंभरपैकी शंभर घेऊन मिरवत होतो, मग एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर मागे सतत एक घूं चालूये, जसं बाजूच्या खोलीत पाण्याचा पंप लावलाय. ई तारेवर पाचव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमधला खण) ए हा सूर वाजवला की शेजारची मोकळी ए तार आपणहून गुणगुणायला लागते, वर डावं बोट उचलताना सुटलेल्या तारा वेगळ्याच. सॉफ्टवेअर म्हणत होतं उत्तम.

तेव्हापासून माझा उजवा अंगठा पिकअपवर कायमचा मुक्काम करत नाही. ए तार वाजवताना तो ई तारेवर टेकतो, पुढच्या डी तारेवर गेलो की ए वर सरकतो आणि त्याची कड ई ला लागलेली असते. खालच्या बारीक तारा डाव्या हाताची बोटं आडवी टेकवून गप्प करतो. सराव कंटाळवाणा आहे, आधीच सांगतो: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, तीन मात्रा एक सूर, चौथ्या मात्रेला पूर्ण शांतता, रेकॉर्ड करा आणि फक्त ती शांतता ऐका. दहा मिनिटं रोज. "थेट स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) शिकू का?" विचारणाऱ्यांनी हे एक आठवडा करून दाखवा, मग बोलू.

बाकीचं भराभर सांगतो. टॅबमध्ये (कोणत्या तारेवर कोणता फ्रेट ते रेघा आणि आकड्यांनी दाखवणारं लिखाण) सगळ्यात खालची रेघ म्हणजे सगळ्यात जाड तार, उलटं वाचून आठवडा घालवू नका. ट्यूनिंग रोज, काल केलं होतं हे चालत नाही. "एका फ्रेटला एक बोट" हा नियम पहिल्या फ्रेटला लगेच लावू नका, ३४ इंची बेसवर पहिला फ्रेट जवळजवळ दोन इंच रुंद असतो आणि पाचव्यापाशी दीड इंच. मनगट दुखलं तर तोच धडा पाचव्यापासून वर वाजवा, किंवा खालच्या फ्रेटांवर तिसरं बोट आणि करंगळी एकत्र दाबा. उजव्या हाताची दोन बोटं आलटूनपालटून वापरा, आणि मोटाउनचा प्रसिद्ध बेसवादक जेम्स जेमर्सन एकाच बोटाने वाजवायचा हे मला सांगू नका, तो जेमर्सन होता. वेग कमी करायची सोय असेल तर ७० टक्क्यांवर लाजू नका, मी अजून नवीन गाणं तिथूनच सुरू करतो. आणि पट्टा बसूनही लावा, नाहीतर पहिल्यांदा उभं राहिलात की गिटारचा गळा कुठे आणि हात कुठे.