भाषाविज्ञानाचं पहिलं पुस्तक वाचताना या चुका टाळा

भाषाविज्ञानाची तोंडओळख करून देणारं पुस्तक घेतलेले बरेच जण तिसऱ्या प्रकरणाशी अडखळतात आणि 'आपल्याला नाही झेपायचं' म्हणून ते मिटून ठेवतात. बहुतेकदा विषय तेवढा अवघड नसतो. पुस्तक कादंबरीसारखं पडल्या पडल्या वाचलेलं असतं, एवढंच. हे वाचन गणितासारखं करावं लागतं, हातात पेन्सिल घेऊन.

थेट मूळ ग्रंथाला हात घालणं

'वाचायचं तर सोस्यूरच', म्हणजे आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारेच, हा बाणा मला आवडतो, पण पहिल्या महिन्यात तो महागात पडतो. सोस्यूर १९१३ मध्ये वारले आणि त्यांच्या नावावरचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं १९१६ मध्ये. ते त्यांनी लिहिलेलं नाही. १९०७ ते १९११ या काळात त्यांनी जिनिव्हात तीनदा जी व्याख्यानं दिली, त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या टिपणांवरून बाली आणि सेशए या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रचलं. हे दोघे त्या वर्गात बसलेही नव्हते. त्यामुळे एखादा उतारा गोंधळाचा वाटला, तर गोंधळ आपला की संपादनाचा, हे नवख्याला कळत नाही. आधी अलीकडचं एखादं क्रमिक पुस्तक पुरं करा. मग सोस्यूर वाचण्यात खरी मजा आहे.

सालाकडे न बघणं

अमेरिकी भाषावैज्ञानिक चॉम्स्की यांच्याबाबत ही चूक हमखास होते. १९५७ चं त्यांचं पुस्तक छोटेखानी आहे, म्हणून लोक तेच आधी उचलतात आणि त्यात 'खोल संरचना' (वाक्याच्या दिसणाऱ्या रूपामागे मानलेली मूळ रचना) शोधत बसतात. ती त्यात नाहीच. ती १९६५ च्या पुस्तकात मध्यवर्ती झाली आणि १९९५ च्या मांडणीत ती पातळीच वगळली गेली. उत्तरात नुसतं 'चॉम्स्की म्हणतात' असं लिहू नका; कोणत्या सालचे चॉम्स्की, ते लिहा.

पुस्तकातलं उदाहरण तसंच पाठ करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. इंग्रजी पुस्तकात एक ठरलेला प्रयोग असतो: तोंडासमोर तळहात धरा, 'पिन' म्हणा, मग 'स्पिन' म्हणा, पहिल्या 'प'ला हवेचा झोत लागेल, दुसऱ्याला नाही. आपण करून बघतो आणि हाताला काहीच लागत नाही. मीही पाच-सहा वेळा 'पिन पिन' करून बघितलं होतं. पुस्तक चुकलेलं नाही आणि आपला हातही ठीक आहे. मराठी वळणाच्या इंग्रजीत तो 'प' मुळात अल्पप्राणच असतो. त्याऐवजी 'तर' आणि 'थर' म्हणून बघा. झोत लगेच कळेल. इंग्रजीत या झोताने अर्थ बदलत नाही, म्हणून दोन्ही 'प' एकाच स्वनिमाची (अर्थात फरक करणाऱ्या ध्वनीची) स्वनांतरं, म्हणजे उच्चारातली वेगवेगळी रूपं. मराठीत 'तर'चा 'थर' झाला की शब्दच बदलतो, म्हणून ते दोन स्वनिम. पुढे जाऊन 'जग' हा शब्द दोनदा म्हणा: एकदा दुनिया या अर्थी, एकदा 'सुखाने जग' मधला. अक्षर एक, उच्चार दोन, अर्थही दोन. लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे वाक्य दहा वेळा वाचून जे कळत नाही ते इथे कळतं.

वाक्यविचारातही तेच. 'क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं' असं पुस्तकात वाचून मराठीकडे वळलात की 'मुलाने पत्र लिहिलं', 'मुलाने चिठ्ठी लिहिली' ही वाक्यं आडवी येतात. क्रियापद इथे कर्माच्या मागे गेलं. आणि 'आईने मुलीला उठवलं' मध्ये ते कोणाचंच ऐकत नाही, सरळ नपुंसकलिंगी होतं. अशा ठिकाणी नियम इंग्रजीपुरता होता, असं समासात लिहून ठेवा आणि पुढे चला.

चिन्हं आणि संज्ञा गृहीत धरणं

चौकोनी कंसात उच्चार, तिरप्या रेघांमध्ये स्वनिम. हा फरक डोळ्यांआड केलात तर पुढचं अर्धं प्रकरण वाया. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत 'य'साठी रोमन 'जे' वापरतात, तर जुन्या अमेरिकी पुस्तकांत 'वाय'. पुस्तक बदललं की आधी चिन्हांचा तक्ता बघा. मराठी संज्ञांचंही तसंच: भाषेतल्या सगळ्यात लहान अर्थपूर्ण घटकाला कोणी रूपिम म्हणतं, कोणी पदिम, कोणी रूपिका. वहीच्या शेवटच्या पानावर या जोड्या मांडत गेलात की निम्मी भीती जाते.

शुद्ध-अशुद्धाचा निकाल मागणं

'मला मदत केली' बरोबर की 'माझी मदत केली'? हे पुस्तक निकाल देणार नाही. कोण, कुठे, कधीपासून असं म्हणतं, हे ते विचारेल. निकाल हवा असेल तर लेखननियमांचं पुस्तक वेगळं असतं.

स्वाध्याय सोडून देणं

प्रकरणाच्या शेवटी अनोळखी भाषेतली वीसेक रूपं देऊन 'नियम काढा' म्हटलेलं असतं, आणि आपण पान उलटतो. शिकणं तिथेच असतं. अनोळखी भाषेची धास्ती वाटत असेल तर आपल्याच भाषेवर हात बसवा. चूक–चुका, वीट–विटा, जीभ–जिभा, फूल–फुलाचा: प्रत्यय लागला की दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, असा नियम पाच मिनिटांत निघतो. मग त्याच यादीत गीत–गीताचा आणि दूत–दूताचा घाला. नियम मोडला. आता शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय का, हे पाहावं लागतं, आणि ते नुसत्या आवाजावरून कळत नाही. पुस्तकाच्या मागे उत्तरं नसतील तर सोबत्याशी वही बदलून बघा. दोघांचे नियम वेगळे निघाले, तर दोघांनी मिळून असा एक शब्द शोधा, जो त्यातला एक तरी नियम पाडेल.