तळ्याकाठी घर घेतलंत? आधी माळ्यावर चढून या

सिएटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यूच्या अपार्टमेंटमधून लेक समॅमिशच्या आसपास घर घेणारी आपली मंडळी शाळा बघतात, ऑफिसचं अंतर बघतात, डेकवरून पाणी दिसतं का तेही बघतात. माळ्यावर कुणी चढत नाही. मग सामान लागतं न लागतं तोच एखाद्या रात्री डोक्यावर धप्प धप्प पावलं वाजतात आणि सकाळी मला फोन येतो, "काका, वर माणूस होता हो!" माणूस नसतो, रॅकून असतो. आठ-दहा किलोचं जनावर, पण लाकडी घरात त्याचा आवाज आपल्याला पैलवानाचा वाटतो. आपण सिमेंटच्या स्लॅबखाली वाढलेली माणसं. इथली भिंत पोकळ, छत पोकळ, जमिनीखालीही पोकळी. त्या पोकळीत राहायला येणारे बरेच आहेत.

कोण आलंय हे बहुतेक वेळा आवाजावरून कळतं. दिवसाउजेडी खुडखुड, पळापळ आणि काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला तर खार. रात्री जड, सावकाश पावलं आली तर रॅकून. भिंतीतून रात्री सरसर आणि कुरतडणं ऐकू आलं तर उंदीर किंवा मोठा रॅट. पावलं अजिबात नाहीत, पण संध्याकाळी बारीक किचकिच येते आणि खालच्या फरशीवर तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या पडतात, तर वटवाघळं. आणि वसंतात भल्या पहाटे धुराच्या चिमणीच्या पत्र्यावर कुणी ड्रिल चालवत असेल तर तो नॉर्दर्न फ्लिकर, इथला सुतारपक्षी. त्याला घर नको असतं, मादीला ऐकवायचं असतं. काही आठवड्यांत आपोआप थांबतो. त्याच्या अंगाला हात लावू नका, १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटंही काढता येत नाही.

आता पहिला विचार जो प्रत्येक मराठी डोक्यात येतो तो. पिंजरा लावू, पकडू आणि लांब सोडून येऊ. उंदराचा पिंजरा पिशवीत घालून पलीकडच्या मैदानात रिकामा करून येणारे वडील आपण सगळ्यांनी पाहिलेत. इथे ते चालत नाही. वॉशिंग्टन राज्यात परवान्याशिवाय वन्य प्राणी पकडून दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदा आहे. मेरीमूर पार्क कितीही मोठं आणि हिरवं दिसलं तरी. कायदा बाजूला ठेवला तरी त्यात दयाही नाही. नव्या जागी त्याला ना खाणं ठाऊक, ना लपायची जागा, आणि तिथे आधीपासून राहणारे रॅकून त्याला सुखाने राहू देत नाहीत. रोगही एका ठिकाणचा दुसरीकडे जातो. सर्वांत वाईट म्हणजे वसंतात पकडलेली मादी बहुतेक वेळा आई असते. ती पिंजऱ्यात, पिल्लं तुमच्या इन्सुलेशनमध्ये. पुढे काय होतं ते वासावरून कळतं.

आणि समजा एक रॅकून नेलाच, तरी ते भोक तिथेच राहतं. दुसरा येतो. माझं ठाम मत आहे की पैसे पकडण्यावर नाही, बुजवण्यावर खर्च करावेत. एका ओळखीच्या कुटुंबाकडे एक माणूस प्रत्येक जनावरामागे वेगळे पैसे घेऊन पिंजरे लावत राहिला आणि गेबलच्या, म्हणजे छताखालच्या त्रिकोणी भिंतीच्या, जाळीला पडलेलं भोक त्याने कधी बंद केलं नाही. का करेल?

तेव्हा टॉर्च घ्या आणि घराभोवती फिरा. आधी बाहेरून, मान वर करून. छताचे दोन उतार जिथे भिंतीला भेटतात तो कोपरा, वळचणीखालच्या सॉफिटच्या फळ्या, गेबलवरची हवेची जाळी, पंख्याच्या आणि ड्रायरच्या नळ्या, चिमणीचं तोंड. गटरमधून खाली येणाऱ्या नळीवर चिखलाचे पाच बोटांचे ठसे दिसले तर तो रॅकूनचा जिना. लहान मुलाच्या हातासारखे दिसतात, एकदा पाहिले की विसरत नाहीत. रॅटचं भोक वेगळं असतं. कडेला काळपट, तेलकट पट्टा उमटलेला असतो, कारण तो रोज अंग घासून त्याच कडेने जातो. पट्टा ओलसर, चकचकीत असेल तर रहदारी चालू आहे. त्यावर कोळ्याचं जाळं असेल तर जुनी गोष्ट. उंदराला पाव इंच पुरतो, रॅटला अर्धा. म्हणून "एवढ्याशा फटीतून कोण येणार" असं म्हणू नका.

बुजवायला नुसता फोम मारू नका, तो ते कुरतडून टाकतात. गॅल्वनाइज्ड तारेची जाळी लागते, होम डेपोत हार्डवेअर क्लॉथ म्हणून मिळते. खार-रॅकूनसाठी अर्ध्या इंचाची चालते, उंदरांसाठी पाव इंचाची घ्या. स्टेपलवर विसंबू नका, स्क्रू आणि वॉशर लावून बसवा. रॅकूनचे हात फार हुशार असतात. चिमणीला जाळीची टोपी बसवा. छतावर टेकलेल्या फांद्या सहा-आठ फुटांपर्यंत मागे घ्या म्हणजे खारीला उडी मारता येणार नाही.

पण थांबा. आत कुणी आहे का हे पाहिल्याशिवाय एकही भोक बंद करायचं नाही. भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबून ठेवा. दोन-तीन रात्री जागचा हलला नाही, आणि कडाक्याची थंडी किंवा सलग पाऊस नसेल, तर घर रिकामं. हलला तर एकतर्फी दार लावायचं. म्हणजे बाहेर जाता येतं, परत आत येता येत नाही. बाकीच्या सगळ्या फटी आधी बंद करायच्या, हे दार शेवटी.

यातही महिना बघावा लागतो, आणि आपली अडचण अशी की शाळा सुटल्यावर, म्हणजे जूनमध्ये घर बदलायचं असतं. नेमका तोच बाळंतपणाचा हंगाम. रॅकूनची पिल्लं एप्रिल-मेमध्ये होतात आणि सुमारे दोन महिन्यांची झाली की आईमागे फिरू लागतात. तोवर एकतर्फी दार लावलंत तर आई बाहेर आणि पिल्लं आत. मग ती आई छत फाडते, आणि तिची चूक नाही. त्याऐवजी माळ्यावर रात्रंदिवस दिवा आणि बडबडीचं रेडिओ स्टेशन लावून ठेवा, सायडर व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी भोकाजवळ टाका. रॅकूनच्या आईने एखादी दुसरी जागा हेरून ठेवलेली असते. जागा त्रासाची झाली की ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. तिला दोन-तीन रात्री द्या. खारींना वर्षातून दोन वेळा पिल्लं होऊ शकतात, एकदा वसंतात आणि पुन्हा उन्हाळ्यात, म्हणून त्यांच्या बाबतीत घरट्यात डोकावूनच ठरवावं.

वटवाघळांचं सविस्तर सांगतो, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे, त्यांच्या आणि आपल्याही. मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं, बहुधा जूनमध्ये, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्याला नीट उडता येत नाही. त्या काळात फट बंद करायची नाही. एकतर एप्रिलपर्यंत नाहीतर ऑगस्टअखेरीनंतर, थंडी पडण्याआधी. संध्याकाळी खुर्ची टाकून बसा, कुठल्या फटीतून निघतात ते पाहा, आणि त्या फटीवर वरून व बाजूंनी घट्ट, खालून मोकळी अशी जाळी सोडा. आठवडाभर ठेवा, मग कायमचं बंद. २०१६ च्या मार्चमध्ये आपल्या शेजारच्या नॉर्थ बेंडजवळ एक आजारी वटवाघूळ सापडलं. त्याला व्हाइट-नोज सिंड्रोम हा बुरशीचा आजार झाला होता. पूर्वेकडच्या राज्यांत या बुरशीने लाखो वटवाघळं मारली आहेत, आणि रॉकी पर्वताच्या पश्चिमेला ती पहिल्यांदा इथेच आढळली. त्यामुळे निरोगी वटवाघळाची एकेक वसाहत आता मोलाची आहे. मागच्या झाडीकडे तोंड करून वटवाघळांची पेटी लावलीत तर उत्तम.

आता आपला जीव. रेबीज म्हटलं की आपल्याला कुत्रा आठवतो. वॉशिंग्टनमध्ये रेबीज वटवाघळांत असतो. १९९५ आणि १९९७ मध्ये या राज्यात माणसांना रेबीज झाला तो त्यांच्यापासूनच. चावा इतका बारीक असतो की झोपेत कळतही नाही. झोपलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर खिडकी उघडून घालवू नका. जाड हातमोजे घालून डब्याखाली कोंडा, डोकं चिरडू नका, कारण तपासणी मेंदूची होते. लगेच किंग काउंटीच्या आरोग्य विभागाला फोन करा. वटवाघूळ तपासून निर्दोष निघालं तर इंजेक्शनं वाचतात.

स्वच्छतेचंही तसंच. उंदराच्या लेंड्या झाडूने झाडू नका आणि व्हॅक्यूमही लावू नका, हँटाव्हायरस हा घातक विषाणू धुळीतून श्वासात जातो. हवा खेळू द्या, पाण्यात ब्लीच कालवून (नऊ भाग पाणी, एक भाग ब्लीच) भिजवा, हातमोजे घालून पुसून घ्या. रॅकूनची विष्ठा एकाच ठिकाणी साचलेली असते आणि तिच्यात जंताची अंडी असू शकतात. ती माणसाला, विशेषतः तोंडात हात घालणाऱ्या मुलांना, फार घातक. ब्लीचने ती मरत नाहीत, उकळतं पाणी लागतं. माळ्यावर साठा मोठा असेल तर हे काम स्वतः करू नका.

माणूस बोलवायचा तर राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याने प्रमाणित केलेला वाइल्डलाइफ कंट्रोल ऑपरेटर बोलवा. खात्याच्या संकेतस्थळावर यादी असते. खातं स्वतः रॅकून काढायला येत नाही. फोनवर विचारा: पिल्लं आहेत का ते आधी पाहणार का, भोकं तुम्हीच बुजवणार का, किती वर्षांची हमी लेखी देणार, आधीचे-नंतरचे फोटो देणार का. पहिल्याच वाक्यात पिंजऱ्याचा भाव सांगणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा.

घराखालचा क्रॉलस्पेस बघायला कुणालाच आवडत नाही, त्यामुळे रॅट तिथेच मजेत असतात. पायाच्या भिंतीतल्या हवेच्या जाळ्या तपासा, पाइप आत जातात तिथल्या फटी तपासा. डेकखाली कुणी बिळ करत असेल तर कडेने फूटभर खोल चर खणून जाळी खाली सोडा आणि तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवा. खणणारा त्या वळणावर अडकतो. विषाचे ठोकळे ठेवू नका. मेलेला रॅट भिंतीत कुजतो, आणि बाहेर पडून मेलेला घुबडाच्या पोटात जातो. त्यापेक्षा साधा स्प्रिंगचा सापळा बरा, तो कायद्यात बसतो. मातीचे ढीग काढणाऱ्या, चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोलसाठी मात्र अंग पकडणारे सापळे २००० च्या मतदानानंतर इथे बंद आहेत. लॉनवर ढीग दिसले तर फावड्याने पसरून टाका. ती माती कुंडीला छान असते.

आता जरा घरचंच. पितृपक्ष सप्टेंबरच्या आसपास येतो आणि अस्वलं नेमकी तेव्हा हिवाळ्यासाठी दिवसभर खात सुटलेली असतात. इसाक्वा, समॅमिश, नॉर्थ बेंडला अस्वल घराजवळ येणं ही बातमी राहिलेली नाही. डेकच्या कठड्यावर खीर-वड्याचं पान ठेवून आत निघून गेलात तर कावळ्याआधी कोण येईल सांगता येत नाही. पान जरूर ठेवा, कावळे इथे ढिगाने आहेत, पण उभं राहा आणि ते उडाले की उरलेलं उचला. अस्वल, कूगर (डोंगरी सिंह) यांना मुद्दाम खाण्याची सवय लावणं २०१२ पासून राज्यात गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणे लावली तरी दंड होऊ शकतो. पक्ष्यांच्या दाण्याचं भांडं मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत काढून ठेवा. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री नाही, सकाळी बाहेर काढा. खरकटं उघड्या खड्ड्यात टाकू नका.

ज्यांचं घर अगदी पाण्यालाच लागून आहे त्यांना पाणमांजरं भेटतील. लेकवरच्या एका शेजाऱ्यांच्या धक्क्यावर रोज सकाळी माशांच्या खवल्यांनी भरलेली काळी घाण पडे, वास असा की कॉफी बाहेर घेणं बंद झालं. ते नदीचं ओटर होतं. मारायचं कारणच नव्हतं. बोटीवरचं आच्छादन घट्ट बांधलं, धक्क्याखाली शिरायच्या फळ्यांच्या फटी जाळीने बंद केल्या, आणि ते पलीकडच्या पडक्या धक्क्यावर जाऊ लागलं. कॅनडा गूस या रानहंसांचं सोपं आहे. त्यांना पाण्यातून थेट आखूड गवतावर चढायला आवडतं. काठाला उंच स्थानिक झुडपं लावली की कोल्हा लपला असेल या भीतीने ते वर येत नाहीत. पोळीचे तुकडे टाकणारी आजी घरात असेल तर आधी तिला समजवा.

झुडपं लावण्याआधी किंवा तोडण्याआधी एक गोष्ट. १९७१ च्या किनारा व्यवस्थापन कायद्यानुसार पाण्याच्या काठापासून २०० फुटांच्या पट्ट्यावर निर्बंध आहेत, आणि झाड तोडायला शहराची परवानगीही लागू शकते. रॅकूनचा जिना म्हणून मोठं सीडर पाडलं आणि नंतर दंडाची नोटीस आली असं होऊ देऊ नका. परवानगी खिडकीवर विचारून घ्या, बऱ्याचदा फांदी छाटणं पुरेसं असतं.

आणि ज्यांनी अजून सही केली नाही त्यांनी विक्रेत्याने घराची माहिती जाहीर करायचा फॉर्म १७ नीट वाचावा, कीड-प्राण्यांची किंवा पूर्ण घराची तपासणी झाली होती का आणि कुणी केली, ते त्यात असतं. इन्स्पेक्टरला माळा आणि क्रॉलस्पेस दोन्हींचे फोटो मागा. बहुतेक होम इन्शुरन्स उंदीर-खारींनी केलेलं नुकसान भरून देत नाहीत, त्यामुळे इन्सुलेशन बदलायचा खर्च आत्ताच किमतीतून वळता करून घ्या. जूनमध्ये ताबा मिळणार असेल आणि माळ्यावर वटवाघळं निघाली, तर ऑपरेटरकडे तेव्हाच सप्टेंबरची तारीख धरून ठेवा.